तळव्यांची हजेरी

आमच्या शाळेत कराटे शिकवायला येणारे सर हजेरी घ्यायचे ती नावांची नाही, तळव्यांची. मुलं-मुली हॉलच्या भिंतीला टेकून, पाय लांब करून ओळीने बसायची आणि सर उकिडवे सरकत सरकत एकेकाचे तळवे पाहत जायचे. अंगठ्याने दाबायचे, बोटं फाकवून बेचक्यांत डोकवायचे, नखं वाढलीत का बघायचे, टाचेवरून बोट फिरवायचे. शेवटचा तळवा पाहून होईपर्यंत कोणी उठायचं नाही. वर्ग सगळा दीड तासाचा, त्यातला अर्धा तास यात जायचा.

मी तिथे खुर्ची टाकून बसायचे. जळगावच्या पिंप्राळा भागातल्या आमच्या शाळेत मुलींनाही कराटे शिकवायचं ठरलं, तेव्हा पालकांनी अट घातली की एक बाई समोर हजर पाहिजेत. मी नोकरीला नवी होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे राहायचे. तिचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर. नाव माझंच लागलं. पहिल्याच सकाळी त्यांना मुलांच्या पायांशी असं बसलेलं पाहिलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. मास्तरच्या पायाशी मुलं बसतात. मुलांच्या पायाशी मास्तर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

सर पन्नाशीच्या अलीकडचे. ठेंगणे, मान जाड, डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या वर दोन झुबके. मूळचे धुळ्याकडचे. माझ्याशी शुद्ध बोलायचे, पण रागावले किंवा लाडात आले की अहिराणी सुटायची. "आठे ये. तुना पाय दखाड." मूल पाय पुढे करायचं. सर कुठेतरी दाबायचे. "दुखस का?"

"हो सर, खूप दुखतं."

"दुखस ना? मंग नशीबवान शे तू."

मुलं हसायची. मलाही तो त्यांचा एक चमत्कारिक विनोद वाटायचा.

अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर गिरक्या घ्यायच्या म्हणजे तळव्याचं जे काय होतं, ते मी त्या वर्षभरात पाहिलं. अंगठ्याखालचं कातडं रुपयाएवढं सोलून निघायचं. चवड्यावर फोड यायचे. उन्हाळ्यात टाचांना भेगा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. सरांची दुखापतीची पेटी म्हणजे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात कापूस, पट्ट्या, चिकटपट्टी, नखं कापायचं यंत्र, वजरी आणि एक सुई. फोड फार टचटचीत झाला असेल तरच सुई निघायची. ती काडीच्या ज्योतीवर धरायची, गार होऊ द्यायची, साबणाने धुतलेल्या पायावर फोडाच्या कडेला टोचायची आणि आतलं पाणी स्वच्छ कापसाने टिपून घ्यायचं. वरची कातडी मात्र तशीच बसवायची. एका मुलाने ती ओढायला हात घातला तर सरांनी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. "ही देवाने दिलेली पट्टी आहे रे. ही काढून तू दुकानातली लावणार?"

दुसरा एक जण घरच्या कोणाच्या तरी सल्ल्याने सोललेल्या जागी चुना आणि हळद भरून आला होता. सरांनी त्याला बखोटीला धरून नळाशी नेलं आणि किती वेळ त्याचा पाय वाहत्या पाण्याखाली धरला. "चुना? पाय शे का भिंत?" ते ओरडत होते. घट्टे मिरवणाऱ्या मोठ्या मुलांवर तर त्यांचा विशेष राग. त्यांना वाटायचं, तळवा दगडासारखा झाला म्हणजे आपण पक्के झालो. सर म्हणायचे, घट्टा फाटतो तेव्हा खालचं मांस घेऊन फाटतो. कोमट पाण्यात पाय भिजवा, वजरीने हळूहळू घासा, तेल लावा, पण बोटांच्या मध्ये तेल नको. एकाने घट्टा दाढीच्या पात्याने तासला, त्याला दोन आठवडे नुसतं बसवून ठेवलं. आणि रोजचं एक वाक्य ठरलेलं : "फोड यायच्या आधी तळवा गरम होतो. तो सांगतो, थांब. तेव्हाच थांबायचं आणि पट्टी लावायची. मग फोड येतच नाही."

वर्गाआधी फरशी ते स्वतः पुसायचे. शिपायाने झाडलेली असली तरी. ओल्या फडक्याने पुसून झालं की गुडघ्यांवर बसून सगळ्या हॉलभर तळहात फिरवायचे, एखादा खडा, एखादी टाचणी राहिली असेल म्हणून. शिपाईनाना चिडायचे. "सर, माझ्यावर भरवसा नाही का?" सर म्हणायचे, "नाना, तुमच्यावर शे. फरशीवर नई."

त्यांच्या आणखी काही तऱ्हा होत्या, त्यावर शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसायचो. बूट घालण्याआधी ते प्रत्येक वेळी आत हात घालून चाचपडायचे. वर्ग सुटला की सामानाच्या खोलीत बादलीभर पाणी आणि एक आरसा घेऊन वीस मिनिटं आतून कडी लावायचे. टकलाला आरसा कशाला, यावर बऱ्याच कोट्या झाल्या. आणि गुरुपौर्णिमेला तर कहरच. छाया नावाची आठवीतली मुलगी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकली, तसे सर मागच्या मागे उडी मारून बाकावर चढले. "पायाला हात नाही लावायचा! कोणीच नाही!" एवढा बळकट माणूस, पण चेहरा भ्यालेला. मी तेव्हाही हसले होते.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मैदानात मंडप, फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर पांढरं कापड. सकाळी सरांनी नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर बसून सगळं व्यासपीठ हाताने तपासलं. पण दुपारी पाहुण्यांच्या खुर्च्यांना जागा पुरेना म्हणून मंडपवाल्यांनी आणखी फळ्या आणून ठोकल्या आणि कापड पुन्हा ताणून बसवलं. सर तेव्हा मुलांना पट्टे बांधत होते.

मुलांची प्रात्यक्षिकं छान झाली. शेवटी सर एकटे आले. न दिसणाऱ्या शत्रूंशी लढल्यासारखे ठरावीक हातपाय करायचे असतात, त्याला काता म्हणतात. सर करायला लागले. तो ठेंगणा माणूस एकदम लांबरुंद दिसायला लागला. गिरकी, लाथ, ठोसा, पुन्हा गिरकी. मी पहिल्या रांगेत होते. मला आधी वाटलं, कापडावर कोणाच्या हारातलं फूल पडलंय. मग वाटलं, दोन पडलीत. मग दिसलं की ती फुलं सरांच्या मागोमाग उमटत चालली आहेत.

सर थांबले, वाकले, हसले. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. पांढऱ्या कापडावर सगळीकडे एकाच पायाचे लाल ठसे होते.

"सर, रक्त!" छाया ओरडली.

सरांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि ते मुलांच्या ओळीकडे धावले. "कोणाचं? कोणाचं शे? पाय दखाडा! बठ्ठा पाय दखाडा!" मुलं घाबरून तिथेच बसली आणि त्यांनी तळवे वर केले. सर एकेक तळवा धरून पाहत चालले. प्रत्येक पावलाला त्यांच्यामागे एक नवा ठसा उमटत होता. "बोला ना रे! कोणालेच दुखस नई का?" ते अक्षरशः विनवत होते. चारशे माणसं हे बघत होती.

छायाने बोट केलं. सरांच्याच पायाकडे.

ते खाली बसले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. तळव्यात खिळा रुतला होता. मंडपवाल्यांचा, गंजलेला, निम्मा आत. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी नाही, ओठ आवळलेले नाहीत, काही नाही. मग मला शोधून हळूच म्हणाले, "बाई, एक रिक्षा बोलवता का?"

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले. पायाला गुंडाळलेलं फडकं मीच धरलं होतं. रेल्वेचं गेट बंद होतं आणि मालगाडी चालली होती, संपता संपेना.

"घाबरू नका," सर म्हणाले. "मला दुखत नाही."

"असं कसं दुखत नाही?"

"डावा तळवा मेलेला आहे, बाई. मला कुष्ठरोग झाला होता. बरीच वर्षं झाली. मी ओळखलं उशिरा. धुळ्याला औषध पूर्ण घेतलं. आता मला काही नाही, माझ्यापासून कोणाला काही नाही, डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. पण नस गेली ती परत येत नाही. दवाखान्यात त्यांनी शिकवलं, जे दुखत नाही ते रोज डोळ्यांनी बघायचं. भिजवायचं, तेल लावायचं, आरशात तळवा बघायचा, बुटात हात घालून बघायचं. पोरांचं मी दुसरं काय करतो? तेच करतो."

मी सरकले.

रिक्षाच्या सीटवर सरकायला जागा असते केवढी? चार बोटं. तेवढी मी सरकले, आणि फडक्यावरचा माझा हात उचलला गेला. मी ठरवून केलं नाही, पण केलं मीच. सरांनी वाकून ते फडकं स्वतः धरलं आणि गेट उघडेपर्यंत मालगाडीचे डबे बघत राहिले.

दवाखान्यात खिळा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी बाहेर उभी होते. घरी आल्यावर गरम पाणी करून साबणाने तीनदा हात धुतले. साडी बादलीत बुडवली. अक्का दारात उभी राहून बघत होती. "काय गं, काय झालं?" मी सांगितलं. सगळं. सांगून झाल्यावर म्हटलं, "कोणाला बोलू नकोस हं." "छे गं, मी कशाला बोलू," अक्का म्हणाली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "महारोग! आणि तू रोज त्याच्यासमोर बसत होतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मला विचारलं, ते कराटेवाल्याचं खरं आहे का.

तिसऱ्या दिवशी पालकांची सभा झाली, त्याच हॉलमध्ये. सर लंगडत आले. कोणी बसा म्हटलं नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. "डॉक्टरांचा आहे. वाचा सगळ्यांना." मुख्याध्यापक शिकलेला माणूस, विज्ञान शिकवायचे. त्यांनी तो कागद हातात घेतला नाही. टेबलावरच्या फूटपट्टीने उलगडला, खाली वाकून वाचला आणि फूटपट्टीनेच परत सरकवला. मला त्यांची चीड आली. पण रिक्षात मी तरी वेगळं काय केलं होतं?

छायाचे वडील उठले. "तुम्ही माझ्या पोरीचे पाय हातात धरत होतात?"

"हो," सर म्हणाले.

"रोज?"

"रोज."

ते सरांच्या अंगावर जातात की काय असं वाटलं. पण अंगावर जायचं म्हणजे हात लावायला हवा, म्हणून ते गेले नाहीत. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "बाई, तुम्ही रोज इथे बसायच्या. तुम्ही सांगा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांचीही. मला एवढंच म्हणायचं होतं, की या माणसाने तुमच्या एकाही मुलाचा पाय वर्षभरात पिकू दिला नाही. मी म्हटलं, "मला काही माहीत नव्हतं."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आयुष्यभर पुरलं.

सरांनी कागदाची घडी घातली. दाराशी जाऊन थांबले आणि छायाच्या वडिलांना म्हणाले, "तिच्या डाव्या पायाच्या चिखल्या अजून पुरत्या गेल्या नाहीत. दिसायच्या बंद झाल्या तरी औषध पंधरा दिवस चालू ठेवा. पाय धुतल्यावर बेचकी कोरडी पुसायला सांगा. ओली ठेवते ती."

त्या संध्याकाळी छायाच्या वडिलांनी अंगणात तिचा कराटेचा पोशाख जाळला. दुसऱ्या दिवशी हॉल फिनेलने धुतला. बातमी माझ्याकडून फुटली हे मी कोणाला सांगितलं नाही. सरांनी मला कुठे बजावलं होतं, कोणाला सांगू नका म्हणून? या एका वाक्याला मी पुढची पाच-सहा वर्षं धरून बसले.

मग दहावीचे पेपर तपासायला धुळ्याला गेले होते, तेव्हा तिथल्या एक शिक्षिका हसत हसत म्हणाल्या, "आमच्या मुलाचे कराटेचे मास्तर एकदम विक्षिप्त आहेत हो. आधी पाय बघतात." माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोबत न घेता, पत्ता विचारत मी एका शाळेच्या पटांगणात पोचले.

मुलं ओळीने बसली होती. सर स्टुलावर बसले होते. उकिडवं बसणं त्यांना आता जमत नव्हतं. डाव्या पायात जाड तळाचा बूट होता. तो पुढून एका बाजूला चपटा होता, कारण आत बोटं पुरती नव्हती. खिळ्याची जखम चिघळली होती, हाडापर्यंत गेली होती, तीन बोटं काढावी लागली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता तो बूट दिसला आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

त्यांनी मला ओळखलं. मग पुढच्या मुलाचा तळवा हातात घेतला. वर्ग संपेपर्यंत मी कडेला उभी होते. काता एक तरुण मुलगी करून दाखवत होती, पंचविशीतली, अगदी सरांसारखी ठेंगणी. मुलं पांगल्यावर मी पुढे गेले.

"सर, तेव्हा बाहेर सांगितलं ते मी."

"ठाऊक शे," सर म्हणाले. "रिक्षात तिघं होतो. गाडीच्या आवाजात रिक्षावाल्याला काही ऐकू गेलं नसणार."

"माझं चुकलं."

"चुकलं." ते शांतपणे बूट घातलेला पाय हाताने उचलून दुसरीकडे ठेवत होते. "मला राग आला होता. अजून आहे. वर्ग गेला त्याचा नाही. वर्ग कुठेही काढता येतो. इथे मी पहिल्याच दिवशी पालकांना सगळं सांगतो. ज्यांना जायचं ते जातात, राहायचं ते राहतात." मग त्यांनी त्या मुलीकडे मान केली. ती चटया गुंडाळत होती. "माझी भाची. हिचं लग्न जमलं होतं. धरणगावचं स्थळ. पत्रिका छापून झाल्या होत्या. तुमच्या जळगावची बातमी धरणगावला पोचायला चार दिवस लागले."

 मला वाटत होतं, मी एका माणसाचा वर्ग बंद पाडला. एवढाच हिशेब मी इतकी वर्षं उराशी घेऊन फिरत होते आणि त्यालाच मोठा समजत होते.

सरांनी हाक मारली. "बाईंना स्टँडपर्यंत सोडून ये."

आम्ही दोघी चालत निघालो. ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मग मीच म्हटलं, "माझ्यामुळे तुझं..."

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. नाव विचारल्यावर नाव सांगावं, तसं तिने सांगितलं.

ती आता आरोग्य खात्यात होती. सातपुड्याच्या पायथ्याची गावं तिच्याकडे होती. घरोघर जायचं आणि अंगावरचे चट्टे तपासायचे. "पेशंटला डोळे मिटायला सांगते, चट्ट्यावरून पीस फिरवते आणि विचारते, कुठे लागलं ते बोटाने दाखव. दाखवता आलं नाही, की समजायचं. मामाचं उशिरा कळलं म्हणून पायाची नस गेली. वेळेत कळलं, गोळ्या घेतल्या, तर काहीसुद्धा जात नाही. मी सगळ्यांना हेच सांगते."

"ऐकतात?"

"ऐकतात. पण चट्टा सापडला की बायका पहिला प्रश्न काय विचारतात, माहितेय?"

"बरं होईल का, हाच विचारत असतील."

"नाही." जळगावची गाडी लागली होती. तिने माझी पिशवी दाराच्या पायरीवर ठेवली. "विचारतात, ताई, कोणाला सांगणार नाही ना?"

मी दांडा धरून पायरीवर चढले होते. मागून माणसं ढकलत होती. "मग तू काय सांगतेस?"

"सांगते, नाही सांगणार. देवाची शपथ घेऊन सांगते," ती म्हणाली. "त्या मान हलवतात. आणि मी पुढच्या खेपेला गोळ्या घेऊन गेले, की दाराला कुलूप असतं."